मोफत, मुक्त आणि खुलं: तीन पाट्या आणि एक जुना वाद

ऐकत असाल तर नीट ऐका, आणि नंतर संग्रहातून वाचत असाल तर सावकाश वाचा. आजचा विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका, गोष्ट तीन शब्दांची आहे.

तुम्ही अल हैलमध्ये राहता असं धरू. घराखालच्या दुकानाच्या दारावर ‘मफ्तूह’ अशी पाटी असते. म्हणजे दुकान उघडं आहे, आत या. कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या पत्रकावर ‘तौसील मज्जानी’ असतं. म्हणजे घरपोच आणून देण्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि सुट्टीला गावी निघालात की मस्कतच्या विमानतळावर ‘अस्सूक अल् हुर्रा’ दिसतं. म्हणजे आपलं ड्यूटी फ्री. तिथून चॉकलेटचा डबा उचलून कुणी पैसे न देता बाहेर पडत नाही. ‘हुर्र’ म्हणजे बंधनातून, इथे करातून, सुटलेलं. फुकट नव्हे.

मफ्तूह, मज्जानी, हुर्र. खुलं, मोफत, मुक्त. अरबीत हे तीन वेगळे शब्द आहेत आणि मराठीतही आहेत. इंग्रजीत मात्र मोफतला ‘फ्री’ आणि मुक्तलाही ‘फ्री’. सॉफ्टवेअरच्या जगात गेली पंचवीसएक वर्षं जो वाद चालू आहे, त्याची सुरुवात या एका शब्दाच्या अडचणीतून झाली.

हा विषय घेण्याचं कारण एका श्रोत्या ताईंचा प्रश्न. त्यांची मुलगी इथल्या भारतीय शाळेत बारावीला आहे. सीबीएसईच्या इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस या विषयात समाजावर होणाऱ्या परिणामांचा एक घटक आहे, आणि त्यात ‘फ्री अँड ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ असं एका दमात येतं. मुलीनं आईला विचारलं, “दोन्ही एकच असेल तर दोन शब्द कशाला? आणि वेगळं असेल तर एकत्र का?” ताई म्हणाल्या, मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न इतका नेमका आहे की आजचा भाग त्याच्याच उत्तरासाठी.

आधी ‘फ्री’ची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत त्यानं एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की सगळ्यांना संगणकावर निरोप जायचा. 1980च्या सुमारास नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कुणी द्यायला तयार नव्हतं. वस्तू समोर, काय बिघडतंय ते कळतंय, दुरुस्त करायची अक्कलही आहे, आणि तरी हात बांधलेले. सप्टेंबर 1983मध्ये स्टॉलमननं ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि 1985मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं.

या मंडळींनी मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार स्वातंत्र्यांत बांधली. एक, कुठल्याही कामासाठी वापरण्याचं स्वातंत्र्य. दोन, ते कसं चालतं हे उघडून पाहण्याचं आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचं. तीन, प्रत दुसऱ्याला देण्याचं. चार, आपण बदललेली प्रतही इतरांना देण्याचं. यात किमतीचा कुठेही उल्लेख नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकत द्यायला मनाई नाही. विकत घेणाऱ्याला ही चार स्वातंत्र्यं मिळाली पाहिजेत, एवढंच.

आता ‘ओपन सोर्स’ची गोष्ट. जानेवारी 1998मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली सर्वांना खुली करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 3 फेब्रुवारीला, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये काही जण जमले. त्यांची अडचण व्यवहाराची होती. एखाद्या कंपनीच्या साहेबासमोर ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हटलं की त्याला वाटायचं, फुकटात मिळतंय म्हणजे हलकं असणार. नाही तर वाटायचं, हे कुठल्या तरी चळवळीचे लोक दिसतात. त्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे आला. त्याच महिन्यात एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था काढली. डेबियन या प्रकल्पाच्या नियमांवरून दहा कलमांची व्याख्याही तयार झाली.

ती व्याख्या आणि ती चार स्वातंत्र्यं शेजारी ठेवून पाहिलीत तर दोघांच्या चाळणीतून जवळजवळ तीच सॉफ्टवेअर खाली पडतात. एका यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, अशी उदाहरणं थोडीच. मग वाद कशाचा?

वाद ‘का’ या प्रश्नाचा आहे. ओपन सोर्सवाले म्हणतात, आज्ञावली खुली ठेवली की हजार डोळे चुका शोधतात, काम लवकर आणि चांगलं होतं. मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणतात, काम चांगलं होवो वा न होवो, वापरणाऱ्याचा तो हक्कच आहे. उद्या बंद सॉफ्टवेअर जास्त चांगलं चाललं तर पहिला म्हणेल, मग ते घेऊ. दुसरा म्हणेल, नको, थोडं कमी चाललेलं चालेल, पण किल्ली आपल्या हातात हवी.

दोन्ही बाजूंना बाजू आहे बरं का. ‘ओपन सोर्स’ हा शब्द आला म्हणून ही सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांत आणि सरकारी कार्यालयांत पोहोचली, हे नाकारता येत नाही. पण तो शब्द रुळल्यावर स्वातंत्र्याची गोष्ट मागे पडली, हेही खरं. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह काढणाऱ्या दोघांपैकी ब्रूस पेरेन्स यांनी वर्षभरातच, 1999मध्ये, आता पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोलायला हवं, असं जाहीरपणे लिहिलं होतं.

शिक्षणात हा वाद आला की तो पुस्तकी राहत नाही. याचं एक उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातलं आहे.

2007मध्ये रायगडमधल्या खैरात धनगरवाडा या छोट्या वस्तीच्या शाळेत ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ते एक्सओ नावाचे छोटे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा जिथे वापरून पाहिले गेले, त्यात ही शाळा होती. त्यांच्यावर ‘शुगर’ नावाची मुक्त प्रणाली होती. कीबोर्डवर एक खास बटणही होतं, समोर चाललेल्या कार्यक्रमाची मूळ आज्ञावली दाखवणारं. कल्पना अशी की मूल खेळता खेळता विचारेल, हे आतून कसं चालतं? आणि यंत्र त्याला ‘ते तुझं काम नाही’ असं म्हणणार नाही.

पुढच्याच वर्षी, 2008मध्ये, प्रकल्पाच्या वरच्या मंडळींत फूट पडली. प्रकल्पाचे प्रमुख निकोलस नेग्रोपाँटे यांचं म्हणणं होतं की जास्तीत जास्त मुलांपर्यंत लॅपटॉप पोहोचवणं महत्त्वाचं आहे, आणि सरकारांना विंडोज हवी असेल तर मुक्ततेचा कर्मठपणा आड येऊ नये. शुगरचं काम सांभाळणारे वॉल्टर बेंडर एप्रिलमध्ये बाहेर पडले आणि त्यांनी शुगर लॅब्स सुरू केली. मे महिन्यात त्या लॅपटॉपवर विंडोज एक्सपी चालवण्याची घोषणा झाली.

दोघंही मुलांचं भलं चिंतणारे होते. पण एकाच्या दृष्टीनं खुली आज्ञावली हे साधन होतं, सोयीचं असेल तोवर वापरायचं. दुसऱ्याच्या दृष्टीनं ती शिक्षणाचाच भाग होती. उघडून पाहता न येणाऱ्या यंत्रावर मूल यंत्र चालवायला शिकतं, पण प्रश्न विचारायला शिकत नाही. ‘ओपन’ आणि ‘फ्री’ या दोन शब्दांमधलं अंतर तिथे प्रत्यक्षात दिसलं.

आपल्या शेजारीपाजारी मल्याळी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्या केरळात सरकारी आणि अनुदानित शाळांनी संगणक शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा ग्नू-लिनक्सवर होते. शब्दाच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा हुशार निघाले. मल्याळममध्ये ते ‘स्वतंत्र’ सॉफ्टवेअर म्हणतात. तमिळमध्ये ‘कट्टट्र मेन्पोरुळ’, म्हणजे बांधून न ठेवलेलं सॉफ्टवेअर. फुकटचा वास दोन्हींत नाही. तरीही केरळच्या या कामाच्या बातम्या पाहा, मथळ्यात बहुतेक वेळा सरकारचे किती पैसे वाचले तो आकडा असतो. शिक्षकांना ते सॉफ्टवेअर आपल्या भाषेत आणता आलं, आपल्या अभ्यासक्रमाप्रमाणे बदलता आलं, ही गोष्ट आतल्या पानावर जाते. शब्द नीट निवडला तरी ‘मोफत’ मागच्या दारानं आत येतंच.

मग आपण मराठी माणसं काय म्हणतो? इथे गंमत आहे.

फ्री सॉफ्टवेअरला आपण ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणतो. ओपन सोर्सलाही ‘मुक्तस्रोत’ म्हणतो. म्हणजे इंग्रजीनं मोफत आणि मुक्त यांची गल्लत केली, ती आपण टाळली, आणि मुक्त आणि खुलं यांची नवी गल्लत करून ठेवली. याला कारण आहे. ‘ओपन’ म्हणजे ‘मुक्त’ हे आपल्या कानाला शिक्षणातूनच सवयीचं झालंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989चं, दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985चं. दोन्हींच्या इंग्रजी नावात ‘ओपन’ आहे. तिथे ‘मुक्त’चा अर्थ प्रवेशाचं दार मोठं, वयाची आणि हजेरीची अट सैल. त्यांची पुस्तकं वाटेल तशी छापून वाटता येतील, असा तो अर्थ नव्हता आणि नाही.

मग इंटरनेटवर शिक्षणसाहित्य आलं. एमआयटीनं 2001मध्ये आपले अभ्यासक्रम ऑनलाइन ठेवायचं जाहीर केलं. 2002मध्ये युनेस्कोच्या एका बैठकीत अशा साहित्याला ‘ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस’, म्हणजे मुक्त शैक्षणिक साहित्य, असं नाव मिळालं. आणि जुना वाद नव्या घरात राहायला आला. ‘ओपन’ म्हणजे नुसतं पाहायला खुलं, की बदलायला आणि वाटायलाही खुलं?

तुमच्या मुलांच्या दप्तरातलंच उदाहरण घ्या. एनसीईआरटीची पुस्तकं तुम्ही संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेऊ शकता. बालभारतीचीही. मस्कतमध्ये बसून महाराष्ट्राचं मराठीचं पुस्तक मिळतं, ही मोठीच सोय आहे. पण आतलं पान उघडा, हक्क राखून ठेवलेले आहेत. म्हणजे मोफत आहे, पण मुक्त नाही. याउलट ऑगस्ट 2013मध्ये भारत सरकारनं मुक्त शैक्षणिक साहित्याचं जे राष्ट्रीय भांडार सुरू केलं, त्यातलं साहित्य श्रेय देऊन बदलता आणि वाटता येईल अशा परवान्यावर ठेवण्याचं धोरण होतं. मुंबईत मानखुर्दला जे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथल्या मुक्त सॉफ्टवेअर मानणाऱ्या गटाचा त्याच्या उभारणीत हात होता. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे छोटे ध्वनिचित्रधडे मराठीतही आहेत आणि तेही अशाच परवान्यावर आहेत.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. ‘बिगरव्यावसायिक वापरासाठीच’ अशी अट असलेलं साहित्य. एमआयटीच्या अभ्यासक्रमांना ही अट आहे. भूमिती शिकवायला शाळाशाळांत वापरलं जाणारं जिओजेब्रा घ्या. त्याची मूळ आज्ञावली अनेक वर्षं मुक्त परवान्यावर होती, पण तयार संच आणि भाषांतरं बिगरव्यावसायिक अटीखाली. शिक्षक त्याला बिनदिक्कत ‘ओपन सोर्स’ म्हणायचे. ही अट असलेलं सॉफ्टवेअर मुक्तवाले स्वीकारत नाहीत आणि ओपन सोर्सवालेही स्वीकारत नाहीत. या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे. शिक्षणातली ‘ओपन’वाली बरीच मंडळी मात्र तिला आनंदानं स्वीकारतात. त्यांना वाटतं, कुणी आपल्या धड्यांवर पैसे कमावू नयेत एवढंच तर म्हणतोय. त्यात गैर काय?

गैर काही नाही, पण अडचण होते. समजा तुम्ही इथे सुट्टीच्या दिवशी मुलांचा मराठी वर्ग चालवता. जागेच्या भाड्यासाठी प्रत्येक घरातून महिन्याला दोन-तीन रियाल घेता. हा वर्ग व्यावसायिक का? तुम्ही म्हणाल नाही. पण ठरवणार कोण?

आता आमचीच फजिती सांगतो. आमच्या वर्गासाठी आम्ही दोन वर्षं एका ‘फ्री’ संकेतस्थळावर सरावपत्रकं बनवली. बाराखडी, जोडाक्षरं, चित्रवर्णन. पाठ्यपुस्तकातल्या उसाच्या शेताऐवजी खजुराची बाग टाकली, एसटीच्या थांब्याऐवजी कुर्निशवरचा फेरफटका टाकला. मुलं खूश. एके दिवशी त्यांची मोफत योजना बंद झाली. पैसे भरा, नाहीतर पत्रकं विसरा. आमचीच पत्रकं, पण ती त्यांच्याच साच्यात अडकलेली, बाहेर काढायचा मार्ग नाही. चार घरांतल्या आयांनी रात्री जागून केलेलं काम गेलं. चूक कंपनीची म्हणायला जावं तर अटींत सगळं लिहिलेलं होतं. आम्ही ‘फ्री’ हा शब्द वाचला आणि पुढे वाचायचं थांबलो.

त्यानंतर आम्ही लिब्रेऑफिस वापरतो. त्याच्या नावातही हाच वाद दडलाय. आधी त्याचं नाव ओपनऑफिस होतं. 2010मध्ये त्याची मालकी नव्या कंपनीकडे गेली, तेव्हा ते बनवणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले, आणि जाताना आज्ञावलीची प्रत बरोबर घेऊन गेले. परवान्यानं ती मुभा दिली होती, म्हणून हे शक्य झालं. नवं नाव ठेवताना त्यांनी ‘ओपन’ सोडून ‘लिब्रे’ घेतलं. फ्रेंच-स्पॅनिशमध्ये लिब्रे म्हणजे मुक्त. फुकटला त्यांच्याकडे ‘ग्रातिस’ असा वेगळा शब्द आहे, जसं इथे मज्जानी. आणि आमची पत्रकं ज्या अक्षरांत छापतो तो मुंबईच्या एक टाइपचा फाँट आहे. त्याचं नावच ‘मुक्त’, आणि परवान्याचं नाव ‘ओपन फाँट लायसन्स’. दोन्ही शब्द एका घरात सुखानं नांदतात.

आता ताईंच्या मुलीचं उत्तर. बाळ, परीक्षेत असं लिही: सॉफ्टवेअर जवळजवळ तेच, त्याकडे पाहण्याच्या दृष्टी दोन. ‘फ्री’ म्हणजे वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य, ‘ओपन सोर्स’ म्हणजे मिळून काम करण्याची खुली पद्धत. कुणा एकाची बाजू घ्यायची नसेल तेव्हा दोन्ही शब्द जोडून म्हणतात. अल हैलच्या शेजारी, अल खूदला, सुलतान काबूस विद्यापीठात 2013मध्ये या विषयावर परिषद झाली, तिच्याही नावात ‘फ्री’ आणि ‘ओपन सोर्स’ दोन्ही होते. अरबीतही ‘हुर्रा’ आणि ‘मफ्तूहत अल् मस्दर’ असे दोन्ही शब्द जोडूनच म्हणतात. आणि ज्याचे नुसते पैसे पडत नाहीत, पण आत पाहता येत नाही, त्याला ‘फ्रीवेअर’ म्हणतात. ते या दोन्हींत बसत नाही. इथे मुलं गुण घालवतात, सांभाळ.

आणि मोठ्यांसाठी. तुम्ही शिकवत असाल, मुलांसाठी काही बनवत असाल, तर पाटीवर ‘फ्री’ आहे की ‘ओपन’ आहे की ‘मुक्त’ आहे, यावर जाऊ नका. चार प्रश्न विचारा. हे मला हव्या त्या कामासाठी, दोन रियाल फी घेणाऱ्या वर्गातही, वापरता येईल का? उघडून बदलता येईल का, मराठीत आणता येईल का? याची प्रत शेजारच्या ताईंना देता येईल का? आणि मी बदललेली प्रत पुण्याच्या किंवा दुबईच्या वर्गाला पाठवता येईल का? चारही उत्तरं ‘हो’ आली तर ते मुक्त, नाव काहीही असो. एखादं ‘नाही’ आलं तर वापरायला हरकत नाही, पण आपलं काम त्यात ओतण्यापूर्वी ते बाहेर कसं काढायचं, हे आधी बघून ठेवा.

बोलताना आपल्या शब्दांची भेसळ टाळली तरी पुष्कळ झालं. पैसे लागत नाहीत ते ‘मोफत’ म्हणा. बघायला मिळतं ते ‘खुलं’ म्हणा. आणि ‘मुक्त’ हा शब्द चारही स्वातंत्र्यांसाठी राखून ठेवा. इंग्रजीला जे समजावून सांगावं लागतं ते आपल्याला एका शब्दात सांगता येतं. ती सोय आपणच का घालवायची?

तुमच्या वर्गात, घरात, कार्यालयात अशी फसगत झाली असेल तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. आणि हो, या भागाची संहिता कुणाला आपल्या वर्गात वाचायची असेल, बदलायची असेल, पुढे द्यायची असेल, तर खुशाल द्या. चारही प्रश्नांना आमचं उत्तर ‘हो’ आहे.

येतो मंडळी. शुक्रवार-शनिवार मजेत घालवा. नमस्कार.